अण्णांच्या फायलीत बुरशीचं नाव का नाही?

प्रति,
मिरज, सांगली आणि कुपवाडमध्ये आयसीयू चालवणारे सर्व डॉक्टर आणि दवाखान्यांचे व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. अडीच एकर बाग आहे. त्यातला एक एकर एक्स्पोर्टचा, बाकीचा माल बेदाण्याला जातो. मागच्या हंगामात, ऐन तोडणीच्या दिवसांत, माझे थोरले बंधू मिरजेतल्या एका दवाखान्याच्या आयसीयूत एकवीस दिवस होते आणि तिथंच गेले. घरात आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्या रक्तात बुरशी झाली होती. ती कुठली, हे आम्हाला त्यांच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी मोबाईलवर आलेल्या एका पीडीएफमधून कळलं. त्यांच्या मृत्यूच्या कागदांत मात्र तिचा उल्लेख कुठंच नाही.

हे पत्र त्या एका दवाखान्याला लिहिलेलं नाही, म्हणून त्याचं नाव घेत नाही. ज्या सर्जननी रात्री अडीच वाजता अण्णांचं पोट उघडलं त्यांचे उपकार आमचं घर विसरणार नाही. मी तुम्हा सगळ्यांना लिहितोय, कारण अण्णा गेल्यावर भेटायला येणाऱ्या पाहुण्यांकडून विट्याच्या, जतच्या, अथणीकडच्या आणखी तीन घरांत जवळपास हेच घडल्याचं ऐकलं. दवाखाने वेगळे, कागदावर शब्द तेच: सेप्टिक शॉक, मल्टिऑर्गन फेल्युअर, म्हणजे संसर्गानं रक्तदाब कोसळला आणि एकेक अवयव बंद पडला.

अण्णांचे गुडघे दुखायचे. तोडणीत दिवसभर उभं राहावं लागतं म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून खायचे, उपाशीपोटीसुद्धा. फेब्रुवारीत एका रात्री पोटात असं दुखायला लागलं की माणूस गुडघे छातीशी घेऊन नुसता पडून राहिला. अशा वेळी आमच्या भागात एकच वाक्य निघतं, मिरजेला हलवा. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या हे वाक्य चालत आलंय. मिरज जंक्शनवर उतरून फाईल काखेत धरलेली, कानडीत रिक्षावाल्याला पत्ता विचारणारी माणसं तुम्ही रोज बघता. जमीन गहाण टाकून येतात, पण येतात मिरजेलाच. आम्हीही त्याच विश्वासानं आलो.

अल्सर फुटला होता. ऑपरेशन झालं, व्हेंटिलेटर लागला. गळ्यातून मोठ्या शिरेत सेंट्रल लाईन, लघवीची नळी, पोटातून ड्रेन. तोंडावाटे काही देता येत नव्हतं म्हणून शिरेतूनच दुधासारखं पांढरं अन्न जायचं. अँटिबायोटिक आधी एक, मग दोन, मग मेरोपेनेम. सातव्या दिवशी अण्णांनी डोळे उघडले आणि वहिनींचा हात दाबला. आम्ही गावाकडं फोन करून सांगितलं, उतार पडला. नवव्या दिवशी ताप चढला.

दहाव्या दिवशी ब्लड कल्चर लावलं, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात काही उगवतं का ते बघायचं. बाराव्या दिवशी लॅबमधून निरोप आला की बाटलीत यीस्ट उगवलंय. ड्यूटी डॉक्टर म्हणाले, फंगस आहे, औषध चालू करतोय, फ्लुकोनॅझोल. मी विचारलं, कुठली फंगस? ते म्हणाले, कॅन्डिडा आहे, पूर्ण नाव यायला वेळ लागतो. नावाच्या शेवटी ‘कोनॅझोल’ ऐकलं आणि मी चमकलो. का ते पुढं सांगतो.

पंधराव्या दिवशी रिपोर्ट आला: कॅन्डिडा हिम्युलोनाय. फ्लुकोनॅझोलच्या पुढं ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट. तीन दिवस अण्णांच्या शिरेत जे औषध जात होतं त्याला ती बुरशी जुमानतच नव्हती. त्याच संध्याकाळी कॅस्पोफंजिन लिहून दिलं. मिरजेत त्या रात्री मिळालं नाही. सांगलीत एका मेडिकलमध्ये एकच बाटली होती. ते फ्रिजमध्ये ठेवायचं औषध. थर्माकोलचा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या, मधोमध ती अंगठ्याएवढी बाटली. मोटरसायकल मी चालवत होतो आणि मागं पुतण्या तो डबा पोटाशी धरून बसला होता. विश्रामबागला गाडी थांबली तेव्हा त्यानं झाकण उघडून बाटली अजून गार आहे का ते बोटानं बघितलं. त्या एका बाटलीला जेवढे पैसे पडले, तेवढी आमच्याकडं एका मजुराची दोन आठवड्यांची मजुरी होते. पैशाचं दुःख नाही. त्या औषधाची पहिली बाटली बाराव्या दिवशी गेली असती तर, एवढंच डोक्यातून जात नाही.

सोळाव्या दिवशी गळ्यातली लाईन बदलली. कल्चर पुन्हा केलं, पुन्हा यीस्ट आलं. एकविसाव्या दिवशी पहाटे अण्णा गेले. पहिला नमुना पुण्याच्या एका मोठ्या लॅबला पाठवला होता. त्यांचा रिपोर्ट उशिरा आला, तोच तो पीडीएफ. त्यात नाव वेगळंच होतं: कॅन्डिडा ऑरिस.

माझी मुलगी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुतकाच्या दिवसांत ती रात्र-रात्र वाचत बसायची आणि सकाळी मला सांगायची. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. २००९ साली जपानमध्ये एका म्हातारीच्या कानातून ही बुरशी पहिल्यांदा वेगळी काढली, म्हणून हे नाव. चार वर्षांत, २०१३ साली, दिल्लीच्या डॉक्टरांनी भारतातल्या रुग्णांच्या रक्तात ती सापडल्याचं छापलं. जुन्या पद्धतीच्या यंत्रांवर ती हमखास दुसऱ्याच नावानं निघते, आणि त्यातलं नेहमीचं नाव हिम्युलोनाय. म्हणजे अण्णांच्या रिपोर्टात जे झालं ते जगभर झालंय, आणि हे तुमच्या मायक्रोबायोलॉजीच्या लोकांना नक्की ठाऊक आहे. मग हिम्युलोनाय नाव दिसताक्षणी ‘ही ऑरिस समजूनच चाला’ असं कुणी वॉर्डात का सांगितलं नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

तिनं मला आपल्या देशातला एक मोठा अभ्यासही वाचून दाखवला. २०११-१२ मध्ये देशभरातल्या २७ आयसीयूंमधून रक्तात कॅन्डिडा झालेल्या १,४०० रुग्णांची माहिती गोळा केली होती. आयसीयूत येणाऱ्या दर हजारांत साधारण साडेसहा जणांना हा संसर्ग झाला. भरती झाल्यापासून साधारण आठव्या दिवशी तो उघडकीला आला. तीस दिवसांच्या आत शंभरातले जवळजवळ पंचेचाळीस गेले. आणि ऑरिस त्या २७ पैकी १९ आयसीयूंमध्ये निघाली. हे सगळं दहाहून जास्त वर्षांपूर्वीचं. आठव्या दिवसाचा तो आकडा ऐकल्यावर मी अण्णांच्या तापाचा चार्ट काढून बघितला. नववा दिवस.

यातल्या एका गोष्टीचा मला धक्का बसला. ही बुरशी बाहेरून हल्ला करून आलेली असते असं मी समजत होतो. पण कॅन्डिडाच्या कितीतरी जाती निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात राहतातच. आमच्या बागेच्या मातीत जशी ट्रायकोडर्मा आणि इतर मित्रबुरशी वाईट बुरशीला जागा मिळू देत नाहीत, तसे आतड्यातले जिवाणू कॅन्डिडाला दाबून ठेवतात. दहा दिवस जबरदस्त अँटिबायोटिक गेलं की ते जिवाणू मरतात आणि रान मोकळं होतं. त्यात आतडं फाटलेलं, शिरेतून अन्न, गळ्यात नळी. नळीच्या प्लॅस्टिकवर बुरशी थर करून बसते आणि त्या थरात औषध नीट शिरत नाही. अँटिबायोटिक देऊ नका असं मी म्हणत नाही. ते दिलं नसतं तर अण्णा तिसऱ्याच दिवशी गेले असते. पण त्यांच्या अंगावर या बुरशीसाठी लागणारी एकूण एक परिस्थिती होती आणि ती तुम्हाला दिसत होती.

ऑरिसची गोष्ट याहून वेगळी आहे. ती आतड्यापेक्षा कातडीवर राहते, कॉटच्या कठड्यावर, मॉनिटरच्या वायरवर राहते, आणि काही दिवस नव्हे, आठवडेच्या आठवडे जिवंत राहते. म्हणून ती एका रुग्णाकडून दुसऱ्याकडं जाते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या एका आयसीयूत २०१५ ते २०१७ या काळात ७० रुग्णांच्या अंगावर ती सापडली. शोधता शोधता कळलं की काखेत लावायचं, पुन्हा पुन्हा वापरायचं तापमापक हे तिच्या फिरण्याचं मुख्य साधन होतं. ती तापमापकं काढून टाकल्यावर साथ आटोक्यात आली.

हे वाचलं तेव्हा मला पाचव्या दिवसाची संध्याकाळ आठवली. काचेतून बघत होतो. सिस्टरनी शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्यांच्या काखेतून वायरचं तापमापक काढलं, कापसाच्या बोळ्यानं पुसलं आणि अण्णांच्या काखेत ठेवलं. त्यात त्यांची चूक काय? त्या एका सिस्टरकडं चार रुग्ण होते, त्यातले तीन व्हेंटिलेटरवर. पलीकडं पंप ओरडत होता. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागं एक सिस्टर असावी हे तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. तेवढ्या सिस्टर नेमायला आणि त्यांना टिकतील असा पगार द्यायला किती दवाखाने तयार आहेत, हे मला खरंच विचारायचं आहे. ज्या मुलीला बारा तासांच्या ड्यूटीत पाणी प्यायला फुरसत नाही तिला प्रत्येक रुग्णाच्या आधी आणि नंतर हात धू असं भिंतीवरच्या पोस्टरनं सांगून काय होणार?

आता मी बागेकडं येतो, कारण हे पत्र लिहायचा हक्क मला तिथूनच मिळालाय असं मला वाटतं.

द्राक्षावर भुरी येते. पानावर, घडावर राखेसारखी पांढरी पूड. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्याकडं हेक्झाकोनॅझोल आलं तेव्हा जादूच वाटायची. संध्याकाळी ब्लोअर फिरवला की चार दिवसांत भुरी साफ. मग आम्ही तेच मारत राहिलो. भुरी दिसली की तेच, दिसली नाही तरी ढग आले म्हणून तेच. दुकानदार म्हणायचा अर्धा डोस पुरे, आम्ही अर्धा मारायचो. पाच-सहा हंगामांत भुरी दाद देईना. डोस दुप्पट केला, तरी देईना. मग द्राक्ष संशोधन केंद्राच्या लोकांनी शिवारात येऊन सांगितलं की डबा बदलून उपयोग नाही, गट बदला. हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनकोनॅझोल, नावं तीन असली तरी घराणं एकच. एकदा त्या घराण्यातलं, पुढच्या वेळी दुसऱ्या गटातलं, मधे गंधक, मधे बोर्डो. आज माझा पुतण्यासुद्धा डब्यावरचा गट बघितल्याशिवाय औषध विकत घेत नाही.

फ्लुकोनॅझोल त्याच घराण्यातलं आहे. आमची औषधं आणि तुमचं औषध बुरशीला एकाच जागी धरतात. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल लागतं, ते तयारच होऊ द्यायचं नाही. म्हणून मी त्या दिवशी चमकलो होतो. वीस वर्षं ज्या घराण्याशी मी झगडलो, तेच माझ्या भावाच्या शिरेत एकटं पाठवलं होतं, आणि समोर कोण आहे हे बघायच्या आधी. कॅस्पोफंजिनचा गट वेगळा, ते पेशीच्या भिंतीवर घाव घालतं. अँफोटेरिसिन आणखी वेगळं, जुनं आणि जोरदार, पण किडनीला जड. माणसासाठी मुख्य गट एवढेच, हे मुलीनं सांगितलं तेव्हा मला घाम फुटला. माझ्या औषधांच्या खोलीत भुरीसाठी याहून जास्त गट आहेत.

आमचाही यात वाटा आहे आणि तो झाकून मला तुम्हाला बोलायचं नाही. अ‍ॅस्परजिलस नावाची एक बुरशी फुफ्फुसात जाते. शेतात या घराण्याची औषधं मारल्यानं तिच्यात रेझिस्टन्स आला आणि तीच बुरशी श्वासातून माणसात गेली, हे युरोपात दिसलं आणि आपल्या देशातही सापडलं. ऑरिसच्या बाबतीत असं सिद्ध झालेलं नाही. पण दिल्लीच्या संशोधकांना ती साठवणुकीतल्या सफरचंदांवर सापडली, झाडावरून नुकत्याच तोडलेल्या सफरचंदांवर नाही. त्या फळांवर बुरशीनाशकांचे अंशही होते. आमच्या गावच्या गटाच्या बैठकीत मी हे मांडलंय. ढग आले म्हणून ‘कोनॅझोल’ मारायचं बंद करू, एवढं तरी आम्ही पंधरा-वीस जणांनी ठरवलंय. तेही पुरेसं नाही, मला माहीत आहे.

पण एका बाबतीत आमची बाग तुमच्या आयसीयूच्या पुढं आहे, आणि ते मला वेदनेनं म्हणावं लागतंय. माझ्या एक्स्पोर्टच्या प्लॉटला नोंदणी क्रमांक आहे. छाटणीपासून तोडणीपर्यंत कुठल्या तारखेला कुठलं औषध किती मारलं, ते वहीत लिहावं लागतं. तोडणीच्या आधी प्लॉटमधून नमुना जातो, लॅब रेसिड्यू, म्हणजे फळावर राहिलेले औषधाचे अंश, तपासते, रिपोर्ट आल्याशिवाय माल हलत नाही. हे काही आम्हाला आपणहून सुचलं नव्हतं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपनं आपली द्राक्षं नाकारली. बागायतदार रस्त्यावर आले, तेव्हा कुठं सगळे काटेकोर झाले. आज नेदरलँडच्या दुकानातल्या पेटीवरून माझा प्लॉट शोधता येतो.

अण्णांची फाईल माझ्यासमोर आहे. ती मिळायला अकरा दिवस आणि चार खेटे लागले, खरं तर मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यायला हवी. तीनशेहून जास्त पानं आहेत. प्रत्येक सलाईन, प्रत्येक हातमोजा, प्रत्येक सुई बिलात आहे. मी आणि मुलीनं ती दोनदा वाचली. सेंट्रल लाईन कुठल्या दिवशी घातली ते आहे. ती अजून लागते का, हा प्रश्न कुणी रोज विचारला का, ते नाही. यीस्ट आल्याचा लॅबचा फोन किती वाजता आला ते नाही. फ्लुकोनॅझोल का निवडलं ते नाही. शेवटच्या पानावर, डेथ समरीत, बुरशी हा शब्दसुद्धा नाही. म्हणजे जिल्ह्यात, राज्यात कुणी मोजायला बसलं तर अण्णा त्या मोजणीत येणारच नाहीत. जत आणि विट्याची माणसंही येणार नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली. एकोणीस नावं आहेत, आणि सगळ्यात वरच्या गटात ज्या चार आहेत त्यांत ऑरिस आहे. आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, तर २०१७ सालीच देशातल्या दवाखान्यांना ऑरिसबद्दल सूचना दिल्या होत्या. कोविडमध्ये, एप्रिल ते जुलै २०२० या काळात, दिल्लीच्या एका आयसीयूत रक्तात कॅन्डिडा झालेल्या पंधरा कोविड रुग्णांपैकी दहा जणांना ऑरिस होती आणि त्या दहातले सहा गेले. दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीसाठी अँफोटेरिसिन शोधत आपण सगळे कसे पळत होतो ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या वेळी प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला द्यावी लागली आणि म्हणून आकडा तरी कळला. डोळा, जबडा गेलेला माणूस दिसतो. रक्तातली बुरशी दिसत नाही.

म्हणून माझं मागणं सगळ्यात आधी कागदाचं आहे. रुग्णाच्या रक्तात बुरशी निघाली की तिचं नाव, ती कळल्याची तारीख आणि कुठलं औषध चालतं, कुठलं चालत नाही, हे फायलीत पहिल्या पानावर लिहा. त्याची प्रत नातेवाइकाच्या हातात द्या, मराठीत दोन ओळी समजावून सांगा. माणूस बरा होऊन गेला तर डिस्चार्ज कार्डावर लिहा, गेला तर डेथ समरीत लिहा. २०२१ च्या नर्सिंग होमच्या नियमांमुळं तुमच्या दारात रुग्णहक्कांची सनद लागली आहे. आजाराची माहिती मिळणं हा त्यातला हक्क आहे. बुरशीचं नाव ही आजाराची माहितीच आहे.

दुसऱ्या दवाखान्यात रुग्ण पाठवताना तर हे लिहिलंच पाहिजे. कोल्हापूरला किंवा पुण्याला हलवलेला माणूस अंगावर ऑरिस घेऊन जातो. तिथल्या सिस्टरना ते माहीत नसतं, आणि त्याची कॉट पुसायला तीच रोजची फिनेलसारखी औषधं वापरतात. नेहमीच्या कितीतरी जंतुनाशकांना ऑरिस मरत नाही, क्लोरीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साईड लागतं. कुठलं, किती वेळ ठेवायचं, हे तुमच्याकडं लिहिलेलं असेलच. पण कॉट पुसणाऱ्या मावशींना ते कुणी समजावलंय का? अण्णांच्या वॉर्डातल्या मावशींना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, जे बादलीत मिळतं त्यानं पुसते दादा.

लॅबचं बोलायचं तर प्रत्येक छोट्या दवाखान्यात लाखोंचं यंत्र येणार नाही हे मला समजतं. पण आपल्याकडं मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यातल्या कुठल्याही आयसीयूत रक्तात यीस्ट निघालं की नमुना एका ठरलेल्या ठिकाणी जावा, तिथून नाव आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठलं औषध चालतं ते, ठरलेल्या वेळेत यावी, पैसे कोण देणार ते आधी ठरलेलं असावं, एवढी व्यवस्था तुम्ही सगळ्यांनी मिळून अधिष्ठात्यांशी, जिल्हा शल्यचिकित्सकांशी आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाशी बसून करू शकता. द्राक्षाचा नमुना आम्ही गावातून कुरिअरनं पाठवतो. रक्ताच्या बाटलीला सांगली ते मिरज दहा-बारा किलोमीटर जड जाऊ नयेत. आणि कॅस्पोफंजिन किंवा त्या गटातल्या दुसऱ्या औषधाच्या चार-सहा बाटल्या जिल्ह्यात कुठल्या फ्रिजमध्ये कायम आहेत, ते रात्री अकरा वाजता प्रत्येक ड्यूटी डॉक्टरला माहीत असावं.

ब्लड कल्चरही बुरशीच्या निम्म्याच केसेस पकडतं, असं माझ्या मुलीनं सांगितलं. म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होता येत नाही, आणि प्रत्येक तापाला बुरशीचं औषध सुरू करूनही चालत नाही. या दोन्हींच्या मधली वाट डॉक्टरची आहे, बागायतदाराची नाही. तिथं मी बोलणार नाही. फक्त एक विनंती आहे. फ्लुकोनॅझोल ‘असू दे, स्वस्त आहे, काही होत नाही’ म्हणून देत असाल तर थांबा. आम्ही हेक्झाकोनॅझोल नेमकं याच कारणानं मारत होतो.

शेवटची मागणी तुम्हाला सगळ्यात अवघड वाटेल. मोजा आणि एकमेकांना दाखवा. तुमच्या आयसीयूत सेंट्रल लाईन किती दिवस घातलेल्या होत्या, आणि त्या दिवसांमागं रक्तात संसर्ग किती झाले, दर महिन्याला. नावं जाहीर करू नका हवं तर. बंद खोलीत, दर तीन महिन्यांनी, मिरज-सांगलीचे आयसीयूवाले एकत्र बसून आकडे टेबलावर ठेवा. ज्याचा आकडा जास्त असेल त्याला शिक्षा करायची नाही, त्याचा वॉर्ड बघायला जायचं. आमच्या गावात ज्याच्या बागेत डाऊनी, हा भुरीसारखाच द्राक्षावरचा दुसरा रोग, आधी दिसते तो लपवत नाही, त्याच दिवशी शेजाऱ्याला हाक मारतो, कारण उद्या वारा शेजारच्या बागेत जाणार असतो. तुमचे रुग्ण, तुमचे आरएमओ म्हणजे निवासी डॉक्टर, तुमचे व्हिजिटिंग सर्जन एका दवाखान्यातून दुसऱ्यात दिवसभर फिरतात. ऑरिससाठी तुम्ही सगळे मिळून एकच शिवार आहात.

वहिनींनी अण्णांची फाईल कपाटात द्राक्षाच्या हिशेबाच्या वह्यांशेजारी ठेवली आहे. हे पत्र लिहितो म्हटल्यावर त्यांनी ती काढून दिली आणि म्हणाल्या, कुणाला बघायची असेल तर दाखवा, पण झेरॉक्स द्या, मूळ देऊ नका. मी तीन झेरॉक्स काढून ठेवल्यात. तापाचा चार्ट, कल्चरचे चारही रिपोर्ट, पुण्याचा पीडीएफ, सगळं तारखेनं लावलंय. ऑक्टोबर छाटणी सुरू होण्याआधी तुमच्यापैकी कुणीही बैठक बोलावली, मिरजेत असो की सांगलीत, तर मी आणि मुलगी त्या घेऊन येतो. छाटणी लागली तर संध्याकाळी सहानंतरची वेळ सांगा.

आपला,
तासगाव तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार